विश्लेषण : मुख्यालयाच्या दिमतीची विमाने आणि गोदाकाठचा पूर… हेलिकॉप्टर नेमके कुणाच्या हुकमाने उडते?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून गोदावरीत सुमारे तीन लाख क्युसेक पाणी सोडण्यात आले. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील गोदाकाठच्या लोकांना घरदार सोडून सुरक्षित ठिकाणी जावे लागले. त्याच महिन्यात शेजारच्या बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत पुराने वेढलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने उचलण्याची वेळ आली होती. अशा प्रसंगी पाण्यात अडकलेल्या वस्तीवरून तलाठ्याला, तहसीलदाराला एकच फोन जातो : हेलिकॉप्टर कधी येणार? याचे उत्तर तहसीलदाराकडे नसते आणि जिल्हाधिकाऱ्यांकडेही नसते. ते यंत्र ज्या मुख्यालयाच्या ताब्यात आहे तिथे ते असते. छोटी, बिनलढाऊ विमाने कुणाच्या ताब्यात असावीत, हा वाद मात्र आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने त्यावर एक उत्तर काढले होते. ते काही काळ उत्तम चालले आणि एका हिवाळ्यात कोलमडले.

जर्मन हवाई दलात ही व्यवस्था काय होती?

जर्मन हवाई दलाची म्हणजे लुफ्तवाफेची रचना प्रदेशवार होती. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा चार ‘लुफ्तफ्लोटं’ म्हणजे हवाई ताफे होते. प्रत्येक ताफ्याकडे स्वतःची बाँबफेकी, लढाऊ आणि टेहळणी विमाने असत. ताफ्याच्या हाताखाली लढणाऱ्या हवाई कोअर, तर धावपट्ट्या, पुरवठा आणि दुरुस्ती पाहणारी ‘लुफ्तगाऊ’ ही प्रादेशिक कार्यालये होती.

या मुख्यालयांना लढाऊ तुकड्यांशिवाय आणखी एक गोष्ट मिळे : दिमतीच्या लहान तुकड्या. कुणाकडे चार विमाने, कुणाकडे दहा-बारा. निरोप, नकाशे आणि अधिकारी नेणाऱ्या कुरिअर तुकड्या वेगळ्या. जखमींना मागे आणणाऱ्या वैद्यकीय तुकड्या वेगळ्या. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना शोधणाऱ्या तुकड्या, रोज पहाटे हवामान पाहून येणाऱ्या तुकड्या, आणि मुख्यालयाला लागेल तेव्हा उडण्यासाठी सज्ज असलेली ‘फ्लुगबेराइटशाफ्ट’. या शब्दाचा सरळ अर्थ ‘उड्डाणसज्जता’. गंमत अशी की जर्मन सरकारचे मंत्री आणि चॅन्सलर आज ज्या लष्करी विमानांतून फिरतात, त्या तुकडीचे नावही हेच आहे.

युद्धाच्या पुस्तकांत या तुकड्यांना जागा मिळत नाही. त्यांनी विमाने पाडली नाहीत, शहरे जाळली नाहीत. पण मुख्यालय आंधळे आणि मुके राहू नये, ही जबाबदारी त्यांच्यावर होती. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, रस्ते चिखलात बुडालेले, आणि आघाडी रोज पन्नास किलोमीटर पुढे सरकणारी. अशा वेळी सेनापतीने समक्ष जाऊन पाहणे आणि संध्याकाळपर्यंत परत येणे, एवढ्यासाठी एक छोटे विमान पुरे होई.

‘स्टॉर्क’ एवढे का गाजले?

या कामातले सर्वांत ओळखीचे विमान म्हणजे फीजलर कंपनीचे ‘श्टॉर्ख’, म्हणजे करकोचा. १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालेले, लांब पायांचे, दोन-तीन माणसांचे. समोरून वारा असेल तर साठ-सत्तर मीटरच्या तुकड्यावरून ते उठे आणि त्याहून कमी जागेत उतरे. म्हणजे कापणी झालेले एखादे शेत पुरे. १२ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीतील ग्रान सास्सो डोंगरावरून मुसोलिनीला उचलून आणले ते याच विमानातून. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनला चहूबाजूंनी वेढा पडलेला असताना सहाव्या हवाई ताफ्याचे प्रमुख रिटर फोन ग्राइम आणि वैमानिक हाना राइच हिटलरला भेटायला शहराच्या मध्यभागी उतरले, तेही श्टॉर्खनेच.

हे किस्से चित्रपटासारखे आहेत, म्हणून टिकले. रोजचे काम कंटाळवाणे होते : टपाल, सुटे भाग, डॉक्टर, एखादा तापाने फणफणलेला अधिकारी. समुद्रावरच्या बचाव तुकड्यांची अडचण निराळी होती. सुरुवातीला त्यांची हाइन्केल जातीची तरंगती विमाने पांढऱ्या रंगाची, रेडक्रॉसचे चिन्ह मिरवणारी होती. ती टेहळणीही करतात, असा ब्रिटिशांना संशय होता. जुलै १९४० मध्ये ब्रिटनने जाहीर केले की या विमानांना संरक्षण मिळणार नाही. मदतीचे यंत्र आणि लढाईचे यंत्र एकाच मुख्यालयाच्या ताब्यात असले की हा संशय येणारच.

स्टालिनग्राडमध्ये काय बिनसले?

नोव्हेंबर १९४२ मध्ये सोव्हिएत फौजांनी स्टालिनग्राडजवळ जर्मनीच्या सहाव्या सेनेला वेढले. अडीच लाखांच्या आसपास माणसे आत अडकली. त्यांना हवाई मार्गाने जगवण्याचे आश्वासन हवाई दलाचा प्रमुख हर्मन गोअरिंगने दिले. ज्याला हे प्रत्यक्ष करायचे होते तो चौथ्या हवाई ताफ्याचा प्रमुख वोल्फ्राम फोन रिख्टहोफेन हे शक्य नाही असे सांगत होता. आत रोज ३०० टन माल पोहोचला तर कसेबसे भागणार होते. मागणी ५०० टनांची होती.

एवढी मालवाहू विमाने एका ताफ्याकडे नव्हती. मग जर्मनीभर झाडाझडती झाली. वैमानिक प्रशिक्षण शाळांमधून तीन इंजिनांची ‘युंकर्स ५२’ विमाने शिक्षकांसकट ओढून घेतली गेली. मंत्रालये, कार्यालये आणि मुख्यालये यांच्या दिमतीची विमानेही सुटली नाहीत. कागदावर ताफा फुगला. प्रत्यक्षात अनेक विमानांत थंडीत उडण्याची सोय नव्हती, रेडिओ अपुरे होते, वैमानिकांना आघाडीवरच्या उड्डाणाचा सराव नव्हता. उणे तापमानात इंजिने सुरू होईनात. सरासरी दिवसाला शंभर-सव्वाशे टनच माल आत पडला. जखमी मात्र बाहेर आले, पंचवीस ते तीस हजार. २ फेब्रुवारी १९४३ रोजी शेवटच्या तुकड्या शरण गेल्या तोवर जवळपास ४९० विमाने गेली होती.

या आकड्यांमागचा खरा फटका पुढे बसला. शाळांची विमाने आणि शिक्षक गेले, त्यामुळे नवे वैमानिक अर्धकच्चे बाहेर पडू लागले. मुख्यालयांच्या दिमतीची विमाने फुकट पडून आहेत असे वरून पाहणाऱ्याला वाटले होते. ती काढून घेतल्यावर कळले की ती शिल्लक नव्हतीच, रोजच्या कामात गुंतलेली होती. दुसरी बाजूही खरी आहे. प्रत्येक मुख्यालयाने आपापली विमाने धरून ठेवली तर मोठ्या संकटात एकत्र ताफा उभा राहत नाही. विकेंद्रीकरण आणि केंद्रीकरण या दोन्हींची किंमत त्या एका हिवाळ्यात मोजली गेली.

१९४८ मध्ये जालन्याने काय पाहिले?

तेव्हा जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी ‘ऑपरेशन पोलो’ सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी औरंगाबाद पडले. जालन्यात मात्र हैदराबादच्या फौजेने कडवा प्रतिकार केला. शहर ताब्यात आल्यावर गुरख्यांची एक कंपनी तिथे ठेवून बाकीचे सैन्य पुढे गेले. सोलापूरहून निघालेल्या मुख्य तुकड्या उमरग्याकडून राजेश्वरच्या दिशेने सरकत होत्या, तेव्हा वाटेत दबा धरून बसलेले सैन्य हवाई टेहळणीत आधीच दिसले. मग ‘टेम्पेस्ट’ विमानांना हल्ल्यासाठी बोलावले गेले. पाहणारे विमान आणि मारणारे विमान यांच्यात निरोप वेळेवर गेला, म्हणून पायदळाचे प्राण वाचले.

निजामाकडे स्वतःचे हवाई दल नव्हते. त्याच्यासाठी कराचीहून रात्री शस्त्रे आणणारा ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन हा याच गोष्टीतले एक पात्र आहे. १९३९ मध्ये, युद्धापूर्वी, त्याने छुपे कॅमेरे लावलेल्या लॉकहीड विमानातून जर्मनीचे फोटो काढले होते. पुढे ब्रिटिश हवाई दलाची छायाचित्र टेहळणीची पहिली छोटी तुकडी त्यानेच बांधली.

आज भारतात दिमतीच्या तुकड्या कुठे आहेत?

सर्वांत जवळचे उदाहरण दिल्लीत पालमला आहे. हवाई दल मुख्यालयाचे ‘कम्युनिकेशन स्क्वाड्रन’ नावाप्रमाणे मुख्यालयाच्या संपर्कासाठी. व्यवहारात राष्ट्रपती, पंतप्रधान आणि वरिष्ठ मंत्र्यांच्या प्रवासासाठी ओळखले जाते. याच कामासाठी १२ ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरांचा २०१० मधील सुमारे ३,६०० कोटी रुपयांचा करार झाला होता. लाचखोरीच्या आरोपांनंतर तो जानेवारी २०१४ मध्ये रद्द झाला.

राज्यांकडेही लहान ताफे असतात. महाराष्ट्र सरकारच्या हेलिकॉप्टरला २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंगा येथे अपघात झाला, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आत होते. सुदैवाने सगळे बचावले. ही हेलिकॉप्टरे प्रवासाची असतात. घराच्या छतावर अडकलेल्या माणसाला दोरीने वर ओढण्यासाठी वेगळी यंत्रणा आणि वेगळा सराव लागतो, हे पुराच्या दिवसांत समाजमाध्यमांवर रागावणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

जालन्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते नाशिक. तोफखान्याला गोळा कुठे पडला ते वरून सांगणाऱ्या ‘एअर ओपी’ तुकड्यांतून १ नोव्हेंबर १९८६ रोजी लष्कराचे स्वतंत्र आर्मी एव्हिएशन कोअर तयार झाले. त्याच्या वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडजवळच्या गांधीनगरला आहे. लष्कराला स्वतःची हेलिकॉप्टरे का हवीत, हवाई दलाने ती का पुरवू नयेत, हा वाद त्या आधीपासून चालत आला. अपाची या हल्ला हेलिकॉप्टरांचे वाटप त्याचेच ताजे रूप : २२ हवाई दलाला, सहा लष्कराला. लष्कराची पहिली तीन जुलै २०२५ मध्ये आली.

घनसावंगीला हेलिकॉप्टर यायचे तर काय घडावे लागते?

गावातून तहसीलदार, तिथून जिल्हा नियंत्रण कक्ष, जिल्हाधिकारी, मग मंत्रालयातील राज्य आपत्कालीन कार्य केंद्र, आणि तिथून लष्कर किंवा हवाई दल, अशी ही साखळी आहे. नागरी प्रशासनाच्या मदतीला सैन्य बोलावण्याचे नियम १९७० पासून लिखित आहेत. अगदी आणीबाणीत जिल्हाधिकारी जवळच्या लष्करी तळाला थेट विनंती करू शकतात. पण जालन्याजवळ हेलिकॉप्टर बाळगणारा तळच नाही.

नकाशा उघडून पाहिला तर अडचण कळते. घनसावंगी ते नाशिक आणि घनसावंगी ते पुणे, दोन्ही अंतरे सरळ रेषेत सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरच्या दरम्यान आहेत. चीता जातीच्या हेलिकॉप्टरला एकेरी प्रवासाला सव्वा तास तरी लागतो. आल्यावर शोध घेऊन परत जाण्याइतके इंधन त्यात उरत नाही, म्हणून चिकलठाणा विमानतळावर इंधन भरणे आले. तिथून घनसावंगी सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर. त्यात चीता-चेतक ही अनेक दशकांपूर्वीच्या घडणीची यंत्रे, एका फेरीत तीन-चार माणसेच नेऊ शकतात. मोठे ‘एमआय १७’ वीस-पंचवीस जणांना नेते, पण त्याला उतरायला मोठी, कोरडी, तारा नसलेली जागा लागते. मधल्या ‘ध्रुव’चा पर्याय जानेवारी २०२५ मधील पोरबंदरच्या अपघातानंतर काही महिने बंदच होता.

घड्याळही विरोधात असते. सप्टेंबरअखेर मराठवाड्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ढगफुटीसारखा पाऊस बहुधा संध्याकाळी किंवा रात्री कोसळतो. दुपारी चारनंतर निघालेली विनंती त्या दिवशी उपयोगी पडण्याची शक्यता थोडी. ढग खाली उतरले तर दिवसाही उड्डाण होत नाही.

म्हणूनच दोन प्रकारच्या पुरांत फरक करायला हवा. गोदावरीचा पूर धरणातून येतो. पैठणला दरवाजे किती उघडले हे आधी कळते आणि पाणी शहागडच्या पुलापर्यंत येईस्तोवर हाताशी काही तास असतात. तिथे दवंडी, मोबाइल संदेश, ट्रॅक्टर आणि शाळेच्या खोल्या हेलिकॉप्टरपेक्षा जास्त जीव वाचवतात. दुधना, पूर्णा, गिरजा, गल्हाटी, कुंडलिका या नद्यांचे तसे नाही. पाणलोट लहान, पाऊस अवेळी, आणि ओढ्याला पाणी चढते ते तासाभरात. भोकरदन, जाफराबाद, बदनापूर या भागांत मळ्यावर राहणारी कुटुंबे अशीच अडकतात. खरी हवाई मदत लागते ती इथे, आणि नेमकी इथेच ती उशिरा पोहोचते. रस्त्याने यायचे तरी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याजवळ आणि राज्य दलाच्या कंपन्या धुळे आणि नागपूरला आहेत.

बिल कोण भरते?

हा भाग कुणी फारसा बोलत नाही. हवाई मदत फुकट नसते. उड्डाणांचे बिल राज्याच्या नावे निघते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ते देता येते, पण तोच निधी पडलेल्या घरांना आणि वाहून गेलेल्या जनावरांच्या भरपाईलाही लागतो. २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने केरळकडे २००६ पासूनच्या हवाई बचावाचे १३२ कोटी ६२ लाख रुपये मागितले. वायनाडच्या भूस्खलनाच्या जखमा ताज्या असताना आलेल्या या पत्रावरून केरळ उच्च न्यायालयाने केंद्राला खडसावले. राज्याचा अधिकारी हेलिकॉप्टर मागताना जो अर्धा तास विचार करतो, त्यात या बिलाचाही वाटा असतो.

मग जिल्ह्याला स्वतःचे यंत्र देता येईल का?

हेलिकॉप्टर नाही. वर्षातून चार दिवसांसाठी ते ठेवणे, वैमानिक आणि देखभाल सांभाळणे कोणत्याही जिल्ह्याला परवडणारे नाही. विभागासाठी, म्हणजे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसाठी, जून ते ऑक्टोबर चिकलठाण्यावर दोन हेलिकॉप्टरे उभी करणे ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. त्यासाठी ती कुठल्या तरी दुसऱ्या तळावरून काढावी लागतील, आणि त्या तळाचे नुकसान कोण सोसणार हा स्टालिनग्राडचाच प्रश्न लहान आकारात समोर येतो.

पाहण्याचे काम मात्र जिल्ह्याकडे येऊ शकते. युक्रेनच्या युद्धाने श्टॉर्खचे अर्धे काम ड्रोनकडे दिले. भारतीय लष्करही पायदळाच्या तुकड्यांना त्यांच्या स्वतःच्या ड्रोन पलटणी देत आहे. लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी जुलै २०२५ मध्ये द्रासला केलेल्या घोषणांत हाच रोख होता. नागरी बाजूलाही अडथळा मोठा नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही, आणि विमानतळापासून दूर असल्याने जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग त्यातच मोडतो. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच झाली, त्यामुळे महसूल यंत्रणेला हे तंत्र अनोळखी नाही.

ड्रोन माणूस उचलत नाही, मुसळधार पावसात उडतही नाही. पाऊस उघडल्यावर कोणत्या मळ्यावर किती माणसे छतावर आहेत, पुलाचा कोणता बाजूरस्ता तुटला, हेलिकॉप्टर उतरेल अशी कोरडी जागा जवळ कुठे आहे, हे तहसीलदाराला वीस मिनिटांत कळू शकते. नाशिकहून निघणाऱ्या वैमानिकाला आज बहुतेक वेळा गावाचे नाव आणि एक मोबाइल क्रमांक मिळतो. त्याऐवजी अक्षांश-रेखांश आणि छतावरील माणसांचा आकडा मिळाला तर चिकलठाण्यावर भरलेल्या इंधनातील शोधाची पंधरा-वीस मिनिटे वाचतात. चीतासारख्या यंत्राला तेवढ्यात आणखी एक फेरी मारता येते, म्हणजे आणखी तीन-चार माणसे.